बॉडीची वायर

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, देवळाली प्रवऱ्यात उसाच्या शेतांवरच्या मोटारी भरतात. जळालेली मोटार नव्या तारेनं भरून झाली की तिच्या लोखंडी बॉडीला अर्थिंगची वायर जोडायची, ती चालू करायची आणि स्वतःचा उलटा हात लावून बघायचा. त्याशिवाय मोटार दुकानाबाहेर जात नाही. त्यांचा धाकटा भाऊ विहिरीवर अर्थिंग नसलेल्या मोटारीला चिकटून गेला, तेव्हापासूनचा हा नेम. घरातल्या मिक्सरवरही त्यांचा विश्वास नाही.

मी चिपची सर्किटं काढते. नोकरीचे पहिले सहा महिने कसोटीचे होते आणि मला दिलेलं पहिलंच सर्किट लॅपटॉपवर चालवलं की नुसता करंट खात होतं. सोमवारपर्यंत ते सुधारलं नाही तर घरी बसायची पाळी होती. म्हणून सुट्टीत गावी आले ती लॅपटॉप घेऊनच.

ट्रान्झिस्टरची तीन टोकं सगळ्यांना माहीत असतात. चिपमधल्याला चौथंही असतं, बॉडीचं. एका जातीच्या ट्रान्झिस्टरांची बॉडी ग्राउंडला, म्हणजे चिपच्या अर्थिंगला जाते, दुसऱ्या जातीची सप्लायच्या प्लसला. मी शहाणीनं झाडून सगळ्यांच्या बॉड्या ग्राउंडला जोडल्या होत्या, घरच्या सवयीनं, विचारसुद्धा न करता. रविवारी दुपारी ते दिसलं आणि माझं डोकंच फिरलं.

"आण्णा, तुमच्या अर्थिंगच्या खुळापायी नोकरी जायची माझी!"

बोलून गेले आणि जीभ चावली. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले, चष्मा लावला. मी बॉडीची चुकलेली वायर दाखवली.

"मग हिची बॉडी कुठं जोडायची?"

"प्लसला."

"म्हंजी बॉडीत करंट ऱ्हानार?"

"व्हय. तसंच लागतं तिला."

"आन् तू तिला हात लावनार?"

हे अजून नुसतं चित्र आहे, तयार झाल्यावरही टॉर्चच्या सेलाएवढीच वीज असेल, असं मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं काही दिसलं नाही.

चुकलेली एकेक वायर सोडवून मी प्लसला जोडली. आता चालवून बघणार, तोच "थांब जरा" म्हणून ते बाहेर गेले. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत कधी कोणी चपला घातल्या नाहीत. आण्णा माझ्या रबरी चपला हातात घेऊन आले आणि वाकून माझ्या पायांपाशी ठेवल्या.

"घाल. मग दाब."

मी घातल्या. बटण दाबलं. करंट उतरला होता, पण डोळे भरल्यामुळे आकडा धड वाचता येईना.

"लागला न्हाई ना?" आण्णांनी विचारलं.