पाच वाजता उठणारी पाहुणी

कुरुंद्याला जायचं ठरलं ते अर्चनाच्या एका वाक्यामुळे. "ताई, बाबाला तुमाला एकदा बघायचंय. बघितलं की ते हो म्हनतील."

अर्चनाला मी तोवर प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. इंग्रजी बोलण्याच्या सरावाच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात आमची जोडी लागली होती. तिने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आहे, मी पुण्यात मोजमापाची उपकरणं अचूक आहेत की नाहीत ते तपासते. दोघींना इंग्रजी वाचता येतं. बोलायची वेळ आली की दातखीळ बसते. रोज संध्याकाळी अर्धा तास फोनवर बोलायचं, असं ठरलं. सुरुवातीचा विषय होता वेळ आणि सवयी: किती वाजता उठतेस, कधी जेवतेस, नेहमी काय करतेस, कधीच काय करत नाहीस. चार-पाच महिन्यांत अर्चनाला पुण्यातल्या एका लॅबमध्ये नोकरी मिळाली. माझ्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी झाली होती, ती मी तिला देऊ केली. अडलं होतं फक्त वडिलांच्या होकारापाशी.

जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्च चांगला. हळदीचा हंगाम असतो आणि ऊन अजून सोसण्यासारखं असतं. मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने नांदेड गाठलं (आरक्षण लवकर करा, आयत्या वेळी मिळत नाही), तिथून एसटीने वसमत. बायकांना तिकीट अर्धं. वसमतच्या स्टँडबाहेर कुरुंद्याची ऑटो भरेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात समोरच्या गाड्यावर गरम भजी मिळतात. गावाच्या अलीकडेच उकडलेल्या हळदीचा वास सुरू होतो. ओल्या मातीचा, थोडा कडवट. रस्त्याकडेच्या प्रत्येक मोकळ्या जागेत पिवळे ढीग वाळत पडलेले.

अर्चना आवाजावरून वाटली होती त्यापेक्षा उंच निघाली. घरात आई, वडील आणि ती. चहा आला. सगळ्यांचा एकत्र, माझा वेगळा केलेला.

"मॅडमचा बिनसाखरेचा," काकू म्हणाल्या. "अर्चीनं सांगून ठेवलं व्हतं."

मला दोन चमचे साखर लागते. 'आय नेव्हर टेक शुगर' हे वाक्य मी 'नेव्हर'चा सराव म्हणून बोलले होते.

खरं तर सगळाच दिवस मी सरावासाठी बनवला होता. पाचला उठते, धावायला जाते, सातला जेवते, दहाला झोपते, रात्री फोन बघत नाही. अनोळखी मुलीला स्वतःचं वेळापत्रक कशाला सांगायचं, हा एक विचार. दुसरं म्हणजे ही वाक्यं सोपी होती. साडेआठला उठते, नाश्ता चुकतो, रात्री अकराला बाहेरून मागवून खाते, आणि हे का होतं ते मलाही नीट माहीत नाही, एवढं इंग्रजी मला येत नव्हतं.

मी तो बिनसाखरेचा चहा प्यायले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

संध्याकाळी शेतात गेलो. हळद शिजवायचा कुकर तिथे भाड्याने फिरतो. चाकांवरची मोठी वाफेची टाकी आणि तिला जोडलेले ड्रम. आज या शेतात, उद्या त्या शेतात. पाळी आली की घरातल्या सगळ्यांनी लागायचं आणि माल संपेपर्यंत थांबायचं नाही, जेवणही बांधावर. मी पोचले त्या दिवशी यांची पाळी होती. पण सूर्य कलला तसे काका हात धुऊ लागले. शेजारच्या शेतातले एक जण ट्रॅक्टर जोडून कुकर ओढून न्यायला आले.

"पाळी सोडून राहिला? डोस्कं ठिकाणावर हाय ना?"

"पाव्हनी सातला जेवते," काका म्हणाले. "तिचा टाइम चुकवायचा न्हाई."

"मग तुमची हळद?"

"फिरून पाळी येईल तवा."

सात वाजता ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. भाजी इतकी चांगली होती की मला जास्तच लाज वाटली. काकू माझ्या ताटाकडे बघत होत्या, काका भिंतीवरच्या घड्याळाकडे. एवढ्या लवकर त्या तिघांनाही भूक नव्हती.

पहाटे पाचला अर्चनाने उठवलं. बूट मी आणले होते, प्रवासात पाय भरून येतात म्हणून. रस्त्यावर अंधार, म्हणून मागून काका मोटारसायकलवर, माझ्यासाठी दिवा धरून. पुलापर्यंत मी कशीबशी धावले. शेळ्या घेऊन निघालेली एक म्हातारी थांबली.

"काहून पळून राहिली गं माय? कोन लागलंय मागं?"

"पळू द्या मावशी, सवय हाय तिला," काकांनी मागून सांगितलं. आवाजात चक्क अभिमान होता.

परतताना मी चालत होते आणि ते गाडी ढकलत सोबत येत होते. म्हणाले, "मॅडम, पुण्यात एकट्या पोरी कशा राहतात, लोक कायबी सांगतात. मी भावकीला तुमचं सांगितलं. म्हनलं, अशी पोरगी हाय, घड्याळासारखी. आमची तिच्यापाशी राहील तर आमाला घोर न्हाई."

मी "हो काका" म्हणाले.

त्या दिवशी अर्चना मला औंढ्याला घेऊन गेली. कुरुंद्याहून वसमत आणि तिथून बस, अर्ध्या दिवसात आरामात होतं. नागनाथाचं देऊळ जरूर बघा. गाभारा खाली आहे, वाकून उतरावं लागतं, सोमवार टाळा. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती सावकाश फिरून बघण्यासारख्या आहेत. मी त्या बघितल्या नाहीत. भिंतीच्या सावलीत बसून अर्चनाला सगळं सांगितलं.

तिने प्रसादाची पुडी पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "मी चारला उठते म्हनले, ते खरं व्हतं. मोकळा टाइम न्हाई म्हनले, तेबी खरं. मी समदं खरं सांगू राहिले व्हते. आन् तुमी माझं टेन्स दुरुस्त करून राहिल्या."

"हो."

"आता तुमीच सांगा बाबाला. मी सांगितलं तर त्याला वाटंल, मीच बनवाबनवी केली."

संध्याकाळी काका खळ्यावर वाळती हळद पायाने परतत होते. काकू कडेला बसून मुळ्या वेचत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. साखरसुद्धा.

"मग पहाटे पळल्या ते?"

"शाळेनंतर पहिल्यांदाच, काका."

काकूंना हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण काकांकडे बघून थांबल्या.

"उशिरा उठनं काय गुन्हा हाय का?" काका म्हणाले. "काहून केलं असं?"

"फोनवर अर्चना तेव्हा अनोळखी होती. खरं सांगायचं नव्हतं."

"ते बराबर. अनोळख्याला न्हाई सांगितलं तरी चालतं." त्यांचे पाय थांबले. "पन काल आमच्या ताटावर बसली तवा? कुकर डोळ्यासमोर वढून नेला तवा? तवाबी आमी अनोळखी व्हतो का, पोरी?"

दोन दिवस मी मॅडम होते.

अर्चना दारात उभी होती. काकांनी तिच्याकडे बघितलं. "तू बोलायला लावलं व्हय हिला?"

"व्हय."

"मंग जा तू पुन्याला. तुझा घोर न्हाई मला." आणि पुन्हा हळदीत पाय घालत, माझ्याकडे न बघता, "तुमच्या खोलीवर मातर न्हाई. राग मानू नका. हॉस्टेल बघू."

सकाळी मला कुणी उठवलं नाही. वसमतच्या ऑटोपर्यंत पोचवायला काका आले, पिशवी त्यांनीच उचलली, ऑटोवाल्याला नीट सोडायला सांगितलं. कुठेही काही कमी केलं नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

कुकरची पाळी त्यांना नंतर उशिरा मिळाली, हे अर्चनाकडून कळलं. हळदीचं काय झालं ते मी विचारलं, ती म्हणाली, "झालं काहीतरी." पुढे विचारायचं धाडस झालं नाही.

ती आता पुण्यात आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलींच्या हॉस्टेलमध्ये. नोकरी नीट चालली आहे. इंग्रजीच्या सरावाला गटातून तिने दुसरी जोडीदारीण घेतली. ते मला गटातच कळलं, तिने वेगळं सांगितलं नाही. माझ्या फ्लॅटमधली ती खोली अजून रिकामी आहे. कुरुंद्याला कसं जायचं, काय बघायचं, काय खायचं हे मी वर लिहिलं आहे आणि तुम्ही जावं असंच मला वाटतं. मी पुन्हा जाईन की नाही, सांगता येत नाही. जायचं तर आधी कुणीतरी बोलवावं लागेल.

गेल्या रविवारी रात्री अर्चनाचा फोन आला. लॅबमधल्या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ हवा होता, तो मी सांगितला. ठेवण्याआधी, सवयीने विचारतात तसं तिने विचारलं, "जेवल्या का ताई?"

दहा वाजून गेले होते. पलीकडे ती उत्तराची वाट बघत होती, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"नाही," मी म्हणाले. "अजून काही केलंच नाहीये."

"बरं," ती म्हणाली. "खिचडी टाका."