भाच्यावर लागलेल्या पैजा

ओरिनबेकला आपल्या नाकाचा फार अभिमान होता. दिसण्याचा नव्हे, दिसायला ते बसकंच होतं आणि कुस्तीच्या दिवसांत एकदा मोडलंही होतं. पण खोटी कुस्ती आपल्याला नुसत्या वासावरून कळते, असं तो तराझ शहरात भेटेल त्याला ऐकवायचा. पंचगिरीतून निवृत्त झाल्यावर पैजांच्या एका कंपनीनं त्याला घेतलं ते या बढाईवर विसंबूनच. नव्या कायद्याप्रमाणे संशयास्पद पैज दिसली की ती गोठवून राजधानीला, अस्तानाला, कळवणं भाग होतं, आणि कळवायला कुणीतरी माणूस हवा होता. ओरिनबेकला फिरती खुर्ची मिळाली आणि त्याच्या बायकोला, रौशानला, दिवसभर घरात शांतता मिळाली.

या नाकानं आजवर दिवेच लावले होते. एकदा शहराच्या फुटबॉल संघाविरुद्ध पैजांचा नुसता लोंढा आला, पण ओरिनबेकला कसलाही वास आला नाही. संघाचा गोलकीपर आदल्या दिवशी स्वतःच्या लग्नात पडेपर्यंत नाचला होता, आणि ते बघत ओरिनबेक त्याच लग्नात पंगतीला बसला होता. पुढे एका बॉक्सरवर पैसे लागले तेव्हा त्यानं ताबडतोब अस्तानाला खबर दिली. ते लावणारे बॉक्सरच्या गल्लीतले भाबडे शेजारी निघाले आणि बॉक्सर दुसऱ्या फेरीतच आडवा झाला.

"आगा," कंपनीचे साहेब वयाचा मान ठेवून म्हणाले, "नाकाला थोडी रजा द्या."

ओरिनबेकनं ते हसण्यावारी नेलं. मनातून मात्र तो दुखावला होता आणि काहीतरी मोठं पकडून दाखवायची वाट बघत होता.

शुक्रवारी दुपारी त्याच्या स्क्रीनवर तालदिबुलाक, त्याच्या बहिणीचं गाव, उगवलं. रविवारी कुस्तीचा अंतिम सामना होता आणि जिंकणारा राष्ट्रीय संघात जाणार होता. एका बाजूला गेल्या वर्षीचा विजेता कुआत, आणि दुसऱ्या बाजूला मेइरझान, ओरिनबेकच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. अख्खं तालदिबुलाक मेइरझानवर पैसे लावत होतं. गुरांचा डॉक्टर, पाववाला, जन्मात कधी पैज न लावलेल्या म्हाताऱ्या, सगळे.

मेइरझानवर? या पोराला ओरिनबेकनं कोकराच्या धडकेनं पडताना पाहिलं होतं. त्याचं नाक एकदम जागं झालं. कुआतनं कुस्ती विकली आणि गावाला ते कळलं, दुसरं काय असणार. भाचा असला म्हणून काय झालं, कर्तव्य ते कर्तव्य, असं स्वतःशी म्हणत त्यानं सगळ्या पैजा गोठवल्या आणि अस्तानाला कळवलं. मग त्यानं चहा मागवला आणि तो फार ऐटीत प्यायला.

शनिवारी सकाळी घरी अस्तानाहून झिबेक नावाच्या तपास अधिकारी बाईंचा फोन आला.

"खबर चांगली दिलीत," त्या म्हणाल्या. "पण आज संध्याकाळपर्यंत या पैजांचं मूळ सापडलं नाही, तर उद्या दोन्ही पैलवानांना उतरू देता येणार नाही. संघात मग तिसराच कुणी जाईल."

ओरिनबेकची ऐट उतरली. पोराचं वर्ष वाया जाणार होतं, आणि विकल्या गेलेल्या कुस्तीचा डाग लागला तर पुढची वर्षंही. त्यानं घाईघाईनं तालदिबुलाकच्या पाववाल्याला, तुर्सिनबायला, फोन लावला.

"खरं सांग, तुम्हाला टीप कुणी दिली?"

"आता ही काय गंमत?" तुर्सिनबाय म्हणाला. "तुम्हीच दिलीत की."

"मी?"

"तुमच्या बहिणीकडच्या जेवणात. मानाचं म्हणून मेंढ्याचं डोकं तुमच्यापुढे ठेवलं, रिवाजाप्रमाणे तुम्ही कान कापून पोराला दिलात आणि हात पसरून आशीर्वाद दिलात. कुआतच्या हातून तुझी पाठ जमिनीला लागणार नाही, रविवारी तूच वर असशील, म्हणालात. आम्ही आमीन म्हटलं."

"अरे, आशीर्वाद होता तो!"

"आशीर्वादात कुणी नाव घेऊन आणि वार सांगून बोलतं का? आम्हाला वाटलं, आगा पैजांच्या कचेरीत बसतात, उघड बोलता येत नाही, म्हणून असं सुचवतायत. गाव काय खुळं आहे?"

ओरिनबेकनं कपाळावर हात मारला. त्या दिवशी त्याला मानाच्या जागेवर बसवलं होतं, घोड्याचं मांस चांगलं शिजलं होतं आणि पन्नास माणसं तोंडाकडे बघत होती. तेवढं मिळाल्यावर त्याची जीभ कधीच जागेवर राहिली नव्हती.

गप्प बसला असता तर खुर्ची वाचली असती, पण पोराची कुस्ती गेली असती. रौशाननं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

"बाई, मूळ सापडलं," तो म्हणाला. "लिहून घ्या. ओरिनबेक."

"तुमचं नाव आहे माझ्याकडे. मूळ सांगा."

"तेच सांगतोय."

रविवारी कुस्ती झाली. ओरिनबेक पाहायला गेला नाही, कारण कंपनीनं त्याला शनिवारी संध्याकाळीच घरी बसवलं होतं आणि त्याला लोकांत तोंड दाखवायची लाज वाटत होती. मेइरझान जिंकला, तोही असा, की कुआतनं स्वतः त्याचा हात धरून वर उचलला. गोठवलेल्या पैजांचे पैसे गावाला जसेच्या तसे परत मिळाले, वर एक तेंगेसुद्धा नाही. तुर्सिनबायनं फोनवर ओरिनबेकला जे काही ऐकवलं ते पाववाल्याच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

संध्याकाळी मेइरझान आला. रौशाननं चहा ओतला. त्यानं पाव मोडला आणि तो म्हणाला, "मामा, मी काहीतरी मागणार आहे."

भाच्यानं मागितलं की मामाला नाही म्हणता येत नाही, हे तिथं तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. ओरिनबेककडे देण्यासारखा एकच तांबडा घोडा होता.

"माग, बाळा."

"मला खरं उत्तर पाहिजे. आशीर्वाद देताना मी जिंकेन असं तुम्हाला वाटत होतं का?"

"घोडा घे ना."

"घोडा नको. सगळ्या गावाला मी जिंकेन असं वाटलं. पाववाल्यालासुद्धा. एकट्या तुम्हालाच संशय आला."

ओरिनबेकनं रौशानकडे पाहिलं. तिनं किटली उचलली आणि ती आत निघून गेली.

"नाही रे," तो म्हणाला. "आमीन म्हणतानासुद्धा मला कुआतच जिंकताना दिसत होता."

मेइरझाननं मान हलवली. उरलेला चहा संपवला, दारात जाऊन बूट चढवले.

"पुढच्या कुस्तीला येऊन बसा, मामा," तो म्हणाला. "आधी बघा, मग आशीर्वाद द्या."