ठकाबाईचं टपाल

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, ज्यांच्यासोबत उमेदीची वर्षं घालवली त्या दोस्तांपाशीही नाही. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. तुम्ही माझा चेहरा पाहिलेला नाही म्हणून असेल.

परभणीत माझ्या वयाची माणसं भेटली की अजूनही कुणीतरी विचारतं, "काय हो, ती ठकाबाई तुम्हीच लिहायचात ना?" मी हसतो. मग ते त्यातला एखादा विनोद आठवून सांगतात, मांडीवर थाप मारतात, आणि मीही पुन्हा हसतो. पण त्यांचा प्रश्न अर्धाच असतो. कोण लिहायचं, हे विचारतात. कुणाचं घेऊन लिहायचं — हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

थांबा. नीट सांगतो.

मी परभणीच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. ते साप्ताहिक आता नाही. संपादक खूप वाचलेले गृहस्थ. मराठी, उर्दू, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत रागावू शकायचे. पण ज्यांच्यासाठी अंक काढायचा त्या माणसांविषयी त्यांचं मत एका दमात सांगून व्हायचं. "वाचकाला डोकं नसतं रे, दात असतात. आठवड्यातून एकदा ते दिसले की झालं." मला हे वाक्य फार आवडायचं. मित्रांत मी ते माझंच म्हणून खपवायचो.

मग आणीबाणी आली. काय छापावं, काय नाही, याची सगळ्यांनाच धास्ती. तयार मजकूर काढून टाकावा लागायचा आणि पानावर भोकं पडायची. संपादक म्हणाले, काहीतरी हसरं दे. खेड्यातलं दे. हसण्यावर अजून बंदी नाही.

तुम्हाला वाटेल, आता हा सगळं आणीबाणीवर ढकलणार. नाही. काय छापू नये एवढंच तिनं सांगितलं होतं. मी जे छापलं ते मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी मूळचा पालमच्या पलीकडचा. कॉलेजसाठी परभणीला आलो तेव्हा आमी, तुमी, लय — हेच तोंडात. पहिल्या आठवड्यात वर्गात उभा राहून "न्हाई सर" म्हणालो आणि सगळी बाकं हसली. त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. इतकी घासली की सुट्टीत गेलो की आई म्हणायची, तू पाव्हण्यावानी बोलायलास. तर ही भाषा माणसांना कशी हसवते हे मला नेमकं माहीत होतं. लोक हसले की कुठं दुखतं, तेही माहीत होतं. दोन्ही माहीत असलेल्या माणसानं काय करायला हवं होतं?

कौसाबाईचं पहिलं पत्र वहीच्या रेघी पानावर आलं. ताडकळसजवळच्या एका वस्तीतली बाई, मजुरीला जाणारी. सुमन नावाच्या तिच्या मुलीनं तिला, चाळिशी उलटल्यावर, अक्षर शिकवलं होतं. वस्तीतल्या बौद्ध मंडळींनी मिळून आमचा अंक लावला होता. शनिवारी दुपारी विहारापुढच्या लिंबाखाली सगळे जमायचे आणि सुमन अंक वाचून दाखवायची. हे सगळं तिनंच लिहिलं होतं. "संपादक सायबास जयभीम. मी कवसाबाई लिवायले. पयलंच पत्र हाय. चुकलं तर पदरात घ्या." तक्रार एवढीच, की नर्सबाई गावात येते पण वस्तीकडं फिरकत नाही.

ते पत्र मी कचेरीत मोठ्यानं वाचून दाखवलं. तिच्या आवाजात. म्हणजे तिचा आवाज मी कुठं ऐकला होता? माझ्या आईच्या आवाजात वाचलं.

संपादक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "हीच! हीच पाहिजे आपल्याला," म्हणाले. त्याच आठवड्यात 'ठकाबाईचं टपाल' सुरू झालं. मी जयभीम काढला. गाव काढलं. नर्सबाई काढली. चुका तेवढ्या ठेवल्या, आणि त्या पुरेनात म्हणून आणखी घातल्या.

अंक धावायला लागला. पानपट्टीवर, कोर्टाच्या आवारात, मोटार स्टँडवर लोक आधी ठकाबाई उघडायचे. पण दर आठवड्याला नवी ठकाबाई आणायची कुठून? गुरुवारी मजकूर द्यायचा असायचा आणि बुधवारी माझं डोकं कोरडं ठणठणीत.

इथवर मी मनातल्या मनात बऱ्याचदा आलोय. इथंच थांबतो. आज थांबत नाही.

मी तिला कार्ड लिहिलं. पोस्टकार्ड, माझ्या हातानं. "कौसाबाई, आपलं पत्र पोचलं. आपण फार चांगलं लिहिता. जागेअभावी छापता येत नाही, तरी लिहीत राहा. मुलीकडून दुरुस्त करून घेऊ नका. जसं बोलता तसंच लिहा. आपला, उपसंपादक."

लक्षात आलं ना? मुलीकडून दुरुस्त करून घेऊ नका. चुका शाबूत याव्यात म्हणून.

अशी कार्डं मी पुढं लिहीतच राहिलो — पंधरवड्याला एक, कधी महिन्याला एक. आणि ती बाई लिहीत राहिली. शेळी व्याली ते, नवऱ्याचा खोकला हटत नाही ते, ताडकळसच्या बाजारात कोण भेटलं ते. मी शेळीची म्हैस करायचो, खोकल्याचं घोरणं करायचो. एकदा तिनं लिहिलं, "माजं आजवर कुणी येवढं आयकलं न्हाई." ते वाक्यही मी सोडलं नाही. ठकाबाईच्या म्हशीच्या तोंडी घातलं.

तिला कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. कसं कळावं? परभणीचा एक साहेब आपल्याला स्वतःच्या हातानं कार्ड लिहितो, हे तिला दिसत होतं. तिनं तर मला लिहिलं होतं, "तुमची ती ठकाबाई आमाला लय हसवती. पर सायेब, कोणाची हाय बिचारी? तिला कुणीतरी शिकवा."

हे वाचून मी काय केलं? काहीच नाही. पत्र घडी करून खणात टाकलं.

मग मोटारीचं पत्र आलं. सुमन तेव्हा दहावीला होती, पूर्णेच्या शाळेत जायची. कौसाबाईनं लिहिलं होतं, "मोटार गावात थांबती, फुडं पाटलाच्या मळ्यापाशी थांबती, आमच्या फाट्यावर थांबत न्हाई. पोरगी हात करती. डायवर बघतो आन् जातो. मंग ती मळ्यापातुर पळती. कवा घावती, कवा न्हाई. परीक्षा जवळ आली. हे येक पत्र तेवढं छापा. बाकीचे न्हाई छापले तरी चालतील."

मी ते दोनदा वाचलं. सरळ चार ओळी छापता आल्या असत्या. फाट्यावर मोटार थांबत नाही, ही बातमी त्या दिवसांतही कुणी अडवली नसती. संपादकांना विचारलं असतं तर कदाचित तेही हो म्हणाले असते. मी विचारलं नाही. बुधवार होता.

ठकाबाई रस्त्यात उभी राहून मोटारीला हात करते. ड्रायव्हरला वाटतं, बाईच्या अंगात आलंय. तो गाडीतूनच हात जोडतो आणि धूम ठोकतो. मोटारीमागं ठकाबाई पळते, ठकाबाईमागं लेक, लेकीमागं दप्तर, दप्तरामागं म्हैस. असं ते होतं. आणि कंटाळा म्हणा, मस्ती म्हणा, या वेळी मी खुणा पुसल्याच नाहीत. फाटा ठेवला. पाटलाचा मळा ठेवला. "पोरगी हात करती" हे तिचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी भर दुपारी, दोघी कचेरीत आल्या. मी एकटाच होतो. बाई माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुरी. हातात फडक्यात बांधलेली कार्डं. मुलगी दारातच उभी राहिली.

"उपसंपादक सायेब कोणते?"

"ते आता इथं नाहीत," मी म्हणालो. "औरंगाबादला गेले."

हे माझ्या तोंडातून इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. ती खाली बसायला लागली. मी बाक दाखवलं, तशी बाकाच्या कडेला टेकली. आणि सांगायला लागली. मी उपसंपादक नव्हतो ना, म्हणून सगळं सांगितलं.

त्या शनिवारी तिनं वस्तीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज माझं पत्र येणार. कधी न येणारे म्हातारेसुद्धा लिंबाखाली येऊन बसले होते. पत्र कुठं दिसेना. मग कुणीतरी म्हणालं, तवर ठकाबाई तर वाच. सुमन वाचायला लागली.

"मी बी हसले, सायेब," कौसाबाई म्हणाली. "पयल्या दोन ओळींला मी बी हसले. मंग पोरगी वाचायची थांबली. लोकं म्हणायलेत, वाच की, वाच की. आन् ती माज्याकडं बघायली."

मी काहीतरी म्हणालो. चौकशी करतो, असं काहीतरी.

"आता मोटार थांबायली," ती म्हणाली. "रोज थांबती. कंडक्टर वरडतो, ठकाबाईची लेक आली, जागा द्या. समदी गाडी हसती. पोरगी चढत न्हाई. शाळा सुटली तिची."

मुलगी भिंतीकडं बघत होती.

"चौकशी नगं मला," कौसाबाई म्हणाली. "त्या कार्डवाल्या सायबाला निरोप धाडायचा हाय. देवमाणूस हाय तो. त्याला म्हणावं, तुमच्या माघारी कोणीतरी आमचे पत्रं चोरलेत. आमचा बी घात केला आन् तुमचा बी. औरंगाबादचा पत्ता मला ठावं न्हाई. मी सांगते, तुमी लिवा."

तुम्ही काय केलं असतं? — जाऊ द्या, हा प्रश्न विचारायचा मला अधिकार नाही. मी काय केलं ते सांगतो. मी कागद ओढला आणि लिहायला लागलो. "उपसंपादक सायबास कवसाबाईचा जयभीम." ती सांगत होती, मी लिहीत होतो. तिचा शब्द न् शब्द, एकदाच काय तो, न बदलता.

मुलगी कधी टेबलाजवळ आली मला कळलं नाही. तिनं कागदाकडं पाहिलं. मग आईच्या हातातलं फडकं टेबलावर सोडलं, एक कार्ड काढलं आणि कागदाशेजारी ठेवलं. मी कागदावर हात ठेवला. परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून ठेवतात तसा.

"आये, ऊठ," ती म्हणाली.

"आगं, निरोप —"

"पोचला निरोप."

कौसाबाईनं लेकीकडं पाहिलं, मग कार्डाकडं, मग माझ्या हाताकडं. ओरडली नाही. मला वाटलं होतं, ओरडेल. बरं झालं असतं. ती उठली, पदर सारखा केला आणि मला विचारलं, "तुमी कुठले?"

"पालमकडचा."

"मंग आपलेच की," ती म्हणाली.

आणि दोघी गेल्या. कार्डं टेबलावर राहिली.

सुमन पुन्हा शाळेत गेली की नाही, मला माहीत नाही. माहीत करून घेता आलं असतं. ताडकळस काही विलायतेत नव्हतं. त्या रस्त्यानं मी पुढं कितीतरी वेळा गेलो. फाटा आला की पेपर उघडून तोंडासमोर धरायचो.

एवढंच असतं तर मी ते कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. माणूस भित्रा असतो, खोटं बोलतो. ऐकणारा समजून घेतो. पण तो सोमवार होता, आणि दोन दिवसांनी बुधवार आला. कौसाबाईचं पत्र आता येणार नव्हतं. डोकं कोरडं होतं.

मी लिहिलं — ठकाबाई पेपरच्या कचेरीत जाते. बाकाच्या कडेला टेकते. साहेब समोर बसलेला असतो आणि त्यालाच ती साहेबाचा पत्ता विचारते. त्याच्याच हातानं त्याला निरोप लिहवून घेते. सगळं घातलं. फक्त मुलगी घातली नाही. शेवटी ठकाबाई विचारते, तुमी कुठले? साहेब गाव सांगतो, आणि ठकाबाई म्हणते, मंग आपलेच की.

संपादकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, इतका चांगला शेवट तुला आजवर जमला नव्हता. लोकांना अजूनही तीच ठकाबाई आठवते. थाप मारून मला ऐकवतात ते वाक्य तेच.

शुक्रवारी अंक छापून आले. मी वर्गणीदारांचे पत्ते चिकटवायला बसलो. त्या वस्तीचा पत्ता हातात आला. तोही चिकटवला, आणि गठ्ठा टपालात टाकला.