सायकल स्टँडमधला फ्रेंचचा तास

नसीम मॅडम गेल्याचं शाळेच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. मी काही ओळी टाईप केल्या, पुसल्या… शेवटी काहीच पाठवलं नाही. गप्प राहणं मला अजूनही सोपं जातं. पण जे काही चारचौघांत बोलता येतं, ते मॅडममुळे आणि श्रीरामपूरच्या आमच्या शाळेतल्या सायकल स्टँडमुळे.

आठवीत फ्रेंच घेणारे आम्ही नऊ जण. एवढ्या थोड्यांसाठी वर्ग कोण देणार? बेलापूरहून स्कूटीवर येणाऱ्या मॅडमनी पत्र्याच्या सायकल स्टँडमध्येच तास सुरू केला. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जायचे आणि आम्ही त्यांच्या वरताण ओरडून क्रियापदं म्हणायचो. त्या गोंगाटात कुणाची चूक कुणाला ऐकू येत नसे. तो दिवसातला शेवटचा तास. सुटताना आपली सायकल फ्रेंचमध्ये मागायची, हा मॅडमचा नियम. साखळीची किल्ली स्टँड सांभाळणाऱ्या कदममामांकडे असायची. ऐकून ऐकून त्यांना फ्रेंचमधले रंग तेवढे कळू लागले होते. मी पुटपुटायचे, "वेर."

"हिरवी व्हय? मंग मोट्यानं म्हन की! सायकल काय झोपलीय का?"

पूर्ण वाक्य मी घरी आरशासमोर म्हणत असे. स्टँडमध्ये मात्र त्या एका शब्दापुढे गाडी जात नव्हती.

नववीत मॅडमना भाषेसाठी वेगळी खोली मिळाली. कितीतरी अर्ज केले होते त्यांनी. गालिचा, हेडफोन, व्हरांड्याच्या बाजूला काचेची भिंत. तिथे पेन पडलं तरी सगळे वळून बघायचे. महिन्याभरात बडबडी मुलंही गप्प झाली. तास स्टँडमधून हलला तसा सायकल मागायचा नियमही सुटला, त्यामुळे माझं तर 'वेर'सुद्धा बंद झालं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं… आता कुणी 'मोट्यानं म्हन' म्हणणार नव्हतं. मग एके दिवशी मॅडमनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी खोली मागितली, पण तुम्हाला विचारलंच नाही." प्रिन्सिपॉल सर दारातून डोकावले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "सर, खोली फार सुंदर आहे. मुलं अगदी शांत झालीत. म्हणूनच परत करते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पत्र्याखाली. सुटताना एक ट्रॅक्टर आला आणि त्याच्या आवाजाआड मी एका दमात बोलून टाकलं, की माझी सायकल हिरवी आहे आणि मला ती हवी आहे.

"आज लईच बोल्ली की ही!" मामा म्हणाले. मॅडमनी शाबासकी दिली नाही. जाताना स्कूटीचा हॉर्न फक्त दोनदा वाजवला.

पुढे मी फ्रेंचच शिकले, आणि मॅडम आजारी पडल्यापासून त्याच शाळेत त्यांचे तास मी घेते, अर्थात स्टँडमध्येच. त्यांच्या स्कूटीच्या जागेवर मामा आपलं स्टूल मांडून बसतात, तिथे कुणाला गाडी लावू देत नाहीत. मॅडम गेल्यानंतर, परवा, माझी स्कूटी लावायला कुठेच जागा नव्हती. मी हळूच त्या स्टुलाकडे बघितलं.

"न्हाई. ती मॅडमची जागा हाय," मामा म्हणाले. मग स्टुलावरूनच म्हणाले, "पायजे आसंल तर त्यांच्या भाषेत माग."

मुलं वळून बघत होती. रस्त्यावर एकही ट्रॅक्टर नव्हता. मी मागितली, पूर्ण वाक्यात, शेवटच्या खांबापर्यंत ऐकू जाईल अशी. त्यात रंगाचं नाव नव्हतं, त्यामुळे मामांना काही कळलं नसणार. ते उठले आणि त्यांनी स्टूल बाजूला घेतलं.