दाखल्यावरचं प्लास्टिक

नवऱ्याला परदेशात नोकरी लागली. मला त्याच्याकडं जायचं, तर आमच्या लग्नाच्या दाखल्यावर सरकारी शिक्के घेऊन तो त्या देशाच्या वकिलातीत द्यायचा होता. दाखला घेऊन मी कोल्हापूरच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि परत सरकवला. "अवो ताई, लॅमिनेशन केलंय की ह्याला! प्लास्टिकवर शिक्का मारू व्हय? दुसरी प्रत काढून आणा."

लॅमिनेशन सासऱ्यांनी केलं होतं, मला न विचारता. सकाळपासून रांगेत उभी होते, डोकंच फिरलं. घरी येऊन चपला काढायच्या आत त्यांना नको नको ते बोलले. "कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

ते उठले. कपाटातून एक फोटो काढून त्यांनी माझ्यापुढं धरला. त्यांच्या लग्नातला. महापुरात घरात पाणी शिरलं तेव्हा तो भिजला होता. दोघांच्या गळ्यातले हार तेवढे दिसत होते, चेहरे धुऊन गेले होते. सासूबाई आता नाहीत, आणि त्यांचा दुसरा फोटोही नाही.

"तुला दुसरी प्रत मिळंल, पोरी," ते म्हणाले. "ह्याची कुठनं आणू?"