बांधाची माती आणि खारं पाणी

आमच्या नारायणगावात कुणी घरात मासे पाळले, की लोक आधी विचारतात, "खायचे कधी?" नूतनला हे इतक्यांदा विचारून झालंय, की ती आता "तुमच्या तेराव्याला" म्हणून मोकळी होते.

समुद्र राहिला घाटाच्या पलीकडे. ही बाई पाण्यात खास मीठ कालवून तो काचेच्या टाकीत करते. त्यात नारिंगी माशांची जोडी, एक कोळंबी आणि तळहाताएवढं हिरवं पोवळं होतं. पोवळं म्हणजे खडा नव्हे, जिवंत जीव. त्याची बारीक बोटं उघडतात, मिटतात. नूतनचा सगळा जीव त्यात.

तिची चूक एवढीच, की टाकी तिनं देवघरासारखी लख्ख ठेवली. दगडसुद्धा कोरे, धुऊन वाळवलेले. कामाचे जंतूच नाहीत, तर घाण खाणार कोण? पोवळ्यावर तपकिरी थर चढला. बाटलीतले जंतू घालून पाहिले, तरी हटेना. "जातीजातीचे जंतू पायजेत," असं ती नवऱ्याला, गोरखला म्हणाली.

गोरखची द्राक्षबाग. बागेसाठी तो जीवामृत करतो: शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि जंतूंसाठी बांधाची मूठभर माती. बायको बाजारात गेल्यावर त्यानं तीच माती टाकीत सोडली. प्रेमानंच सोडली, यात मला शंका नाही. डोकं मात्र गहाण पडलं होतं. बागेवर वर्षानुवर्षं मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराची फवारणी, ती मातीत उतरलेली. कोळंबीला आणि पोवळ्याला मोरचूद म्हणजे विष. संध्याकाळी कोळंबी आडवी झाली. नूतननं धावपळ करून पाणी बदललं, मासे वाचले, पण पोवळं कडेनं पांढरं पडू लागलं. तिनं गोरखशी बोलणंच टाकलं. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि निघून जायची.

गोरख गुपचूप पुण्याला गेला. सुनील नावाच्या जुन्या शौकिनाच्या टाकीतला मुरलेला दगड त्यानं ओल्या कागदात गुंडाळून आणला. अशा दगडात नाना जातीचे जंतू नांदतात. पण सोबत किडे आणि रोगही येतात. म्हणून दगड आधी वेगळ्या बादलीत, खाऱ्या पाण्यात ठेवून पाहायचा, असं सुनीलनं बजावलं होतं. गोरख रोज बादलीपाशी उकिडवा बसे. एकदा दगडाच्या भोकातून त्यानं खेकडा चिमट्यानं ओढून काढला.

इकडे पोवळं रुपयाएवढं उरलं आणि नूतननंच अबोला मोडला.

"अवो, टाका तो दगड आता. खेकडा निघाला की."

"अजून नाय. सुनीलभाऊ म्हनले, लई घाई करू नका."

"आन् तवर मेलं तर?"

गोरख बादलीसमोर आडवा उभा राहिला. "मेलं तर रडू दोघं. पन परत माझ्या हातानं मारायचं न्हाई."

 नूतननं आत जाऊन दोघांचा चहा ठेवला.

दगड टाकीत गेला तेव्हा पोवळं नखाएवढं राहिलं होतं. काही आठवड्यांनी ते उघडलं, नखाएवढंच. मी, त्यांची शेजारीण, तिथंच होते. माझी भीड न धरता दोघंही रडली.