उशिबुकाच्या काकू

सांता क्लारात माझ्या ओळखीत अस्सल मालवणी बोलणारं एकच माणूस आहे, आणि ते जपानी आहे. आमच्या शेजारच्या काकू. लग्नानंतर काही वर्षं त्या मालवणला सासूच्या हाताखाली राहिल्या आणि मराठी म्हणून जे कानावर पडलं ते जिभेवर घेऊनच काकांबरोबर अमेरिकेत आल्या. पुण्या-नागपूरकडून एमएस करायला आलेली पोरं "काय रे झिला, जेवलंस?" ऐकून आधी दचकतात आणि मग त्यांच्याकडेच जेवतात.

काकूंचं माहेर उशिबुका. जपानच्या दक्षिणेला, अमाकुसा बेटांच्या टोकाशी असलेलं, मासेमारीवर जगणारं शहर. पुढे सरकारने ते आजूबाजूच्या गावांसकट एका मोठ्या शहरात विलीन केलं आणि त्याला अमाकुसा नाव दिलं. जपानने हे मान्य केलं, काकूंनी नाही. इथल्या मराठी मंडळातल्या एकाने फोनवर नकाशा उघडून दाखवला, "काकू, इथे तर अमाकुसा सिटी लिहिलंय." काकूंनी फोन बाजूला सारला. "ता बेटाचा नाव. गाव माझा उशिबुका!" सुपरमार्केटातल्या सॅमनकडे त्या दुखवट्याला आल्यासारख्या बघतात. बांगडे परसात दोरीवर वाळवतात. वासाची तक्रार घेऊन आलेला पलीकडचा अमेरिकन गृहस्थ त्याच बांगड्यांचं सार पिऊन, वर रेसिपी विचारून गेला. गणपतीत ढोल वाजले की पदर खोचून त्या उशिबुकाचा हाइया नाच सुरू करतात आणि आमचं लेझीम त्यांच्यामागे फरफटत जातं. "काकू, यू आर सो एक्स्ट्रा," असं म्हणत माझी मुलगीही त्यांच्यामागे धावते.

काका गेल्यावर मात्र काकूंनी कायमचं माहेरी जायचं ठरवलं. आम्ही रडून निरोप दिला. दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला, "एअरपोर्टार येशीत काय रे?"

गाडीत मी विचारलं, "काय झालं, काकू?"

"बंदरार गेलंय. दुकानातल्या पोरग्याशी आमच्या बोलीत बोललंय, माझ्या आवशीच्या बोलीत. त्याका समजलीच नाय. तो माझ्याशी इंग्लिश बोलाक लागलो!" त्या खळखळून हसल्या. मग हसू ओसरलं. "चांगलो होतो बिचारो. विचारल्यान, व्हेअर आर यू फ्रॉम?"

"मग? काय सांगितलंत?"



"सांगलंय, सांता क्लारा."

त्यांनी काच खाली केली आणि बाहेर बघत बसल्या. मी आमचा एक्झिट सोडून दिला आणि गाडी समुद्राकडे घेतली.